आधी मेलेलं दाखवा

बद्रीनाथ आबांच्या रानात सकाळी सुई हरवली तर दुपारच्या भाकरीआधी सापडेल, असं धर्मापुरीच्या अंगाची सगळी वस्ती म्हणायची, आणि आबांना ते ऐकायला फार आवडायचं. बांध चोपून काढलेले, धुरे खरडलेले, पिकात औषधालासुद्धा तण नाही. दुसऱ्याच्या रानातून चालताना या माणसाचा हात आपोआप खाली जायचा आणि वाटेतली हराळी उपटून बांधाबाहेर भिरकावून द्यायचा. पाहुण्यांच्या लग्नात मांडवाशेजारचं गाजरगवत उपटताना त्यांना लोकांनी पाहिलेलं होतं.

अशा माणसाच्या माळावर चंदन वाळायला लागलं होतं.

माळ तीन एकरांचा. वर मुरूम, खाली दगड. आजोबांपासून तिथं कुसळं आणि बोरी-तरवडाशिवाय काही आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आबांनी तिथं चंदनाची तीनशे रोपं लावली तेव्हा भावकीनं तोंडावर पदर आणि उपरणी धरून हसून घेतलं. पण पहिल्या साली रोपं अशी तरारली की हसणारे गप्प झाले. आबा रोज संध्याकाळी माळावर जाऊन दगडावर बसायचे आणि नुसते बघत राहायचे. नातवंडांकडेसुद्धा त्यांनी इतक्या कौतुकानं पाहिलं नव्हतं, असं त्यांच्या पत्नी विमलबाई म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

मग गेल्या हिवाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. आबांनी शेणखत घातलं. पिवळी पडली. खांद्यावर कॅन घेऊन खालच्या बोअरचं पाणी वर नेलं, एका झाडाला एक तांब्या. तरी पिवळीच. उन्हाळ्यात शेंडे वाळले आणि आषाढात पाऊस होऊनही वाळलेलं पुन्हा फुटलं नाही. त्रेचाळीस झाडं गेली. उरलेल्यांचाही रंग काही खरा नव्हता. फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात, विमलबाईंच्या बोरीजवळ, अकरा झाडं डोक्याएवढी होऊन हिरवीगार उभी होती. तिकडं पाण्याचा उतार असेल, असं आबांनी ठरवून टाकलं होतं.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आणि सांगायची वेळ चार दिवसांवर आली होती.

त्या भागात ज्यांच्या माळावर, पडीकावर, ओघळीत झाडं होती, अशा वीस-बावीस जणांनी एक फेरी चालवली होती. कुणाचा साग, कुणाचा बांबू, कुणाची सीताफळं. अवसेला औत धरत नाहीत, माणसं मोकळी असतात, म्हणून दर अवसेला एकाच्या रानात जायचं, झाडं बघायची, आपापल्या फडक्यातली भाकरी सोडून खायची आणि परत यायचं. पहिल्या तीन फेऱ्यांत ज्यानं त्यानं आपलं सगळ्यात मोठं झाड दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणीच काही शिकलं नाही. तेव्हा राधाकिशननं नियम घातला. राधाकिशन म्हणजे एसटीचा निवृत्त ड्रायव्हर; ओघळीत बांबू लावून बसला होता आणि बोलायचा अजूनही गाडीतल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा.

"ज्याचं रान त्यानं आधी मेलेलं झाड दाखवायचं," तो म्हणाला होता. "जितं झाड काय, वाटंनं जाणाऱ्याला बी दिसतंय."

मागच्या अवसेला फेरी विजयसिंहांच्या सागात होती. विजयसिंह मोठे बागाईतदार, एके काळी पंचायत समितीवर बसलेले, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी सगळ्यांना थेट जळक्या सागापुढं नेऊन उभं केलं. "साठ झाडं. बांध मीच पेटवला. वारं बगितलं न्हाई," एवढं बोलून ते मान खाली घालून उभे राहिले.

तिथं आबांची जीभ वळवळली. "बांध खरडायचा आसतो, पेटवायचा न्हाई," ते म्हणाले. तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण पुढं म्हणाले, "माज्या माळावर बगा. एक बी मेलं न्हाई."

विजयसिंहांनी मान वर केली. "मग फुडची आवस तुमच्याकडं, आबा."

आता ती पुढची अवस आली होती. दिव्याची अवस.

आदल्या दिवशी दुपारी विमलबाई ओट्यावर समया आणि निरांजनं चिंचेनं घासत बसल्या होत्या. आबा कोयता घेऊन निघाले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"कोयता कावून?"

"आसाच."

नवऱ्याचं "असंच" चाळीस वर्षं ऐकलेल्या बाईनं समई खाली ठेवली, हात धुतले आणि मागोमाग माळ चढल्या.

आबांनी वाळलेली झाडं उपटून ढीग केला होता. चंदनाच्या नुसत्या काटक्या, हात लागताच मोडत होत्या. एवढं विमलबाईंना समजण्यासारखं होतं. पण मग आबा बोरीच्या कोपऱ्यात गेले आणि हिरव्या झाडाची कंबरेएवढी फांदी त्यांनी एका घावात उतरवली. ती नेऊन मेलेल्या झाडाच्या आळ्यात रोवली, पायानं माती दाबली, तांब्याभर पाणी घातलं आणि चार पावलं मागं सरून पाहिलं. लांबून झाड दिसत होतं.

"आवं, ह्ये काय चाललंय?"

"उद्यापुरतं हाय. आभाळ हाय, सुकायचं न्हाई."

"जित्याचं कापून मेल्याच्या जागंवर लावता?"

"तू गप."

"मी गपच हाय. पर उद्या मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई."

"कोण इचारतंय तुला," आबा म्हणाले, आणि म्हणताक्षणी ते त्यांनाच वाईट वाटलं. पण फांद्या अजून बेचाळीस लावायच्या होत्या.

विमलबाई बोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ही एवढी एक बोर त्यांनी वाचवली होती. मागच्या साली आबांनी माळावरच्या सगळ्या बोरी, सगळा तरवड, हिवराची खोडं कुदळीनं मुळासकट काढली, तेव्हा त्या या बोरीला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या. संक्रांतीला वाणात घालायला बोरं मी काय विकत आणू, असं म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांची तूरही आबांनी बंद केली होती. पहिल्या साली चंदनाच्या ओळींत त्यांनी घरच्या डाळीपुरती तूर टोकली होती. पण चंदनाच्या तोंडचं खत तूर खाते, असं आबांच्या मनानं घेतलं आणि दुसऱ्या साली माळ असा लख्ख केला की पावसाचं पाणीसुद्धा थांबायला बिचकावं.

दिवस कलायच्या आत त्रेचाळीस फांद्या उभ्या झाल्या. अकरा हिरव्या झाडांचे खालचे हात गेले. आबांच्या तळहाताला फोड आला होता आणि कंबर सरळ होत नव्हती. घरी येऊन त्यांनी फोडाला तेल लावलं. विमलबाईंनी ताट वाढलं, पण शेजारी बसल्या नाहीत. आबांना भाकरी गेली नाही. हे कुणासाठी करतोय आपण, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि विजयसिंहांच्या तोंडाची आठवण होताच निघूनही गेला.

सकाळी माणसं आली. मोटारसायकली बांधाला टेकल्या, एक ट्रॅक्टर भरून आला. विजयसिंह पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. सगळ्यांत शेवटी भामाबाई आली, पायी, आणि मागं तिची शेळी, चांदी.

भामाबाईचा नवरा सिदू मेंढरं घेऊन गोदेकाठाला गेलेला होता. घर, दोन एकरांचा खडकाळ उतार आणि पाच शेळ्या असं सगळं तिच्याकडं. त्या उतारावर आपोआप आलेलं चंदन होतं, बोरी-बाभळीच्या गचपणात. आबा त्या वाटेनं जायचे तेव्हा त्यांना ते रान बघवायचं नाही. फेरीत ती कायम मागच्या बाजूला बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही.

"शेळी भाईर," आबा म्हणाले. "शेळी आन् झाड, जमतंय का?"

"बांधते की," भामाबाई म्हणाली. "चांदीचं पिल्लू मेलंय परवा. मला सोडतच न्हाई. दावं हातातच धरते, आबा."

कुणीतरी म्हणालं, येऊ द्या. आबांना वाद वाढवायचा नव्हता. त्यांना सगळं लवकर उरकायचं होतं.

राधाकिशननं टाळी वाजवली. "चला, आबा. आधी मेलेलं दाखवा."

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"मेलेलंच न्हाई. बोललो व्हतो की मागं."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. फेरी चालू लागली. आबा पुढं, आणि ते मधल्या ओळीनं भराभरा नेत होते, कडेच्या ओळी लांबून दिसतील अशा बेतानं. माळ बघून लोक खरोखर चकित झाले. काय साफ राखलंय, काय आळी ओढलीत! कुणी म्हणालं, हितं पंगत बसवावी. आबांना जरा धीर आला. त्यांनी झाडांमधलं अंतर सांगितलं, शेणखत सांगितलं, पाण्याचे तांबे सांगितले.

भामाबाई मागं राहिली होती. ती झाडाचं पान बोटांत धरून बघत होती.

"आबा," तिनं विचारलं, "हितं आधी काय काय व्हतं?"

"लई घाण व्हती. बोरी, तरवड, हिवर. समदं मुळासकट काढलं. एक मूळ ठिवलं न्हाई."

"आन् पिशवीत रोपासंगं दुसरं काय आल्तं का? बारीक पानाचं?"

"आल्तं की. रोपवाटिकेवाल्यानं तण राखलं व्हतं पिशवीत. लावायच्या दिशीच उपटलं म्या. तीनशेच्या तीनशे." आबा अभिमानानं म्हणाले. "फकस्त हिनं तूर टाकली म्हून थोडी घाण राहिली पहिल्या साली."

भामाबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिच्या हातातलं दावं ताणलं गेलं. चांदीनं कडेच्या ओळीतला एक चंदन पकडला होता.

"आगं ए!" आबा ओरडले. "सोड, सोड! धरा तिला!"

चांदीनं मान हिसडली आणि झाड बाहेर आलं. सगळंच्या सगळं, एका हिसक्यात. मूळ नाही, माती नाही. कंबरेएवढं झाड तोंडात आडवं धरून ती उभी राहिली आणि शांतपणे शेंडा चघळायला लागली.

सगळ्यांची नजर त्या झाडाच्या बुडख्यावर गेली.

"वाळवी," आबा म्हणाले. "वाळवीनं मूळ खाल्लं आसंल."

राधाकिशननं चांदीच्या तोंडातून फांदी काढून घेतली, बुडखा डोळ्यांजवळ नेला. तिरका, सफाईदार घाव. "वाळवीकडं कोयता हाय म्हणा की," तो म्हणाला. मग वाकून त्यानं शेजारचं झाड दोन बोटांनी उचललं. तेही आलं.

पहिल्यांदा हसले ते विजयसिंह. मिशीतून एक फुसका आवाज निघाला, तो त्यांनी खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि मग सगळा माळच हसायला लागला. ट्रॅक्टरवाला बांधावर बसून पोट धरून हसत होता. चांदी तेवढ्यात तिसरं झाड उपटून मोकळी झाली.

आबा मधोमध उभे होते. तळहातातला फोड ठणकत होता. पळून जावं असं वाटलं, पण स्वतःच्याच रानातून माणूस पळून जाणार कुठं? त्यांनी बायकोकडं पाहिलं. विमलबाई बोरीपाशी पाण्याची घागर घेऊन उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यानं आबा भानावर आले. काल या माळावर दोन माणसं होती आणि त्यातलं एक खरं बोलत होतं.

ते कडेच्या ओळीकडं गेले. पहिली फांदी उपटली आणि खाली टाकली.

"ह्यो मेला," ते म्हणाले.

दुसऱ्या आळ्यापाशी गेले. "ह्यो मेला. चैतात."

हसणं विरत गेलं. आबा एकेका आळ्यापाशी थांबत होते, फांदी काढत होते, आणि प्रत्येक झाडाचा महिना त्यांना पाठ होता. कुठलं आधी पिवळं पडलं, कुठल्याला शेवटपर्यंत एक पान होतं, कुठल्याला ते रोज दोन तांबे पाणी घालत होते. दहाव्या-बाराव्या झाडापाशी त्यांच्या लक्षात आलं की पलीकडच्या ओळीतून आणखी कुणीतरी फांद्या काढतंय. विजयसिंह होते. इस्त्रीचे कपडे, गुडघ्याला लाल माती, आणि एकेक फांदी उचलून ते हातावर गोळा करत होते.

"आमचे साठ व्हते, आबा," ते म्हणाले. "तुमचे किती?"

"तिरेचाळीस."

"मग कावून लाजता एवढं? अजून सतरा कमीच हायत!"

आणि आबा हसले. नको नको म्हणताना हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. नाक पुसत, डोळे पुसत ते हसत राहिले. गेल्या हिवाळ्यापासून छातीवर जो दगड होता तो कुठं गेला ते त्यांना कळलंच नाही.

"आता सांग, भामाबाई," राधाकिशन म्हणाला. "मघाशी तू काय इचारत व्हतीस?"

भामाबाई सगळ्यांच्या मागं सरली. एवढी माणसं तिच्याकडं बघायची तिला सवय नव्हती. तिनं विमलबाईंकडून खुरपं मागितलं आणि बोरीच्या कोपऱ्यात गेली. बोर आणि तिच्या शेजारचा हिरवा चंदन यांच्या मधोमध बसली आणि हळूहळू, बाळाच्या डोक्यावरची खपली काढावी तशी, माती उकरायला लागली. वीतभर खाली गेल्यावर तिनं हातानंच माती झाडली.

"आबा, हितं बसा. बगा ह्ये."

आबा बसले. चष्मा पुसला. बोरीचं मूळ जाडसर, काळपट. त्याला आडवं येऊन चंदनाचं पांढुरकं केसासारखं मूळ भिडलं होतं, आणि जिथं भिडलं तिथं सदऱ्याच्या गुंडीएवढी गाठ होती. एक नाही, ओळीनं पाच-सहा. प्रत्येक गाठ बोरीच्या मुळाला गच्च धरून बसली होती.

"चंदन एकटा जेवीत न्हाई," भामाबाई म्हणाली. "त्याला ताटाला ताट लावून कुणीतरी लागतं. बोर आसू द्या, तरवड आसू द्या, तूर आसू द्या. त्यांच्या मुळातनं घास घेतंय ते. तुमी पिशवीतल्या त्या तणासकट सगळ्यांस्नी पंगतीतनं उठीवलं, आबा. मग ते कुणासंगं जेवणार?"

बावीस माणसं वाकून त्या गाठी बघत होती. ज्यांना दिसत नव्हत्या ते दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत होते.

"तुला कुणी शिकीवलं?" विजयसिंहांनी विचारलं.

"कुणी न्हाई. आमच्या उतारावरची बोर शेळ्यांनी पार बुडख्यापत्तुर खाल्लती एका दुष्काळात. त्या साली भवतालचं चंदन वाळलं. म्या म्हणलं, बोर खाल्ली शेळीनं, आन् मेला चंदन, ह्ये कसं? मग खांदून बगितलं. तवापासनं बोरीला काट्याचं कुपाण करते. चंदनाला करत न्हाई."

राधाकिशननं डोक्यावरची टोपी काढली. आपल्या रानात त्यानं दोन चंदन लावले होते. एकटा होता तो मेला आणि शेवग्याशेजारी होता तो वाढला. त्याला वाटलं होतं नशीब. आणखी एक जण म्हणाला, माझ्याकडं करंजाखाली आलाय. बघता बघता सगळे बोलायला लागले, आणि ज्याच्या त्याच्या चंदनाशेजारी कुणी ना कुणी निघालं.

विमलबाई पुढं होऊन म्हणाल्या, "पहिल्या साली म्या तूर टोकली तवा कशी तरारली व्हती."

आणि त्यांनी घागर खाली ठेवली.

आबांनी वर पाहिलं. सगळ्यांसमोर, फेरीसमोर, विजयसिंहांसमोर ते म्हणाले, "चुकलं माजं. तुजी तूर व्हती म्हून जगली व्हती." आणि लगेच विचारलं, "घरात तुरीचं बी हाय का गं?"

"बी न्हाई कसं आसंल? दोन साल डब्यात भरून ठिवलंय. येईल म्हणलं कवातरी अक्कल."

पुन्हा माळभर हसू पसरलं. विमलबाई घरी गेल्या आणि तुरीचा डबा, परात आणि गुळाच्या पाण्यात कणीक मळून उकडलेले कणकेचे दिवे असं सगळं डोक्यावर घेऊन आल्या. अवस होती, औत धरायचं नव्हतं, पण टोकणीला औत कुठं लागतं? एका माणसानं एक ओळ घ्यायची असं ठरलं. प्रत्येक चंदनाच्या भोवती हातभर अंतर सोडून बोटानं चार खड्डे, दोन-दोन दाणे. जमीन पावसानं मऊ होती. म्हातारे बसून सरकत होते, तरणे वाकून. विजयसिंहांना टोकणी येत नव्हती. दाणे एकाच खड्ड्यात मूठभर पडत होते. भामाबाई त्यांच्या मागून जाऊन ते वेचून काढत होती आणि पुन्हा नीट घालत होती.

"लई खोल घालता, मालक. उगवून वर यायला तिला एसटी लागंल."

"एसटी बंद हाय," राधाकिशन लांबून ओरडला.

मेलेल्या त्रेचाळीस आळ्यांत काय घालायचं, हा प्रश्न निघाला. भामाबाई म्हणाली, माझ्याकडं बोरीखाली पाखरांनी टाकलेल्या बियांची चंदनाची पोरं उगवलीत, बोरीच्या रोपासकट मातीचा गड्डा करून देते. आबा तिच्याकडं बघत राहिले. हिच्या गचपणाकडं बघून आपण तोंड फिरवत होतो. त्यांनी परातीतला सगळ्यात मोठा दिवा उचलला, त्यावर तूप घातलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

"घे, बाई. आज तू गुरू."

भामाबाई लाजली. अर्धा दिवा तिनं खाल्ला आणि अर्धा चांदीला दिला, आणि आज त्यावर कुणी काही बोललं नाही.

पाच महिने गेले. येळवस आली, मार्गशीर्षातली रानपूजेची अवस. तूर पुरुषभर वाढून शेंगांनी लवलेली. खरडलेल्या बांधावर तरवडाची पिवळी फुलं. ती येऊ द्यायला आबांना फार जड गेलं होतं. अजूनही माळावर गेलं की त्यांचा हात खाली जायचा आणि विमलबाई नुसतं खाकरायच्या. मग हात वर यायचा. तुरीच्या आडोशाला चंदनाला नवी पालवी होती, तांबूस, लुसलुशीत. पिवळेपणा कुठल्या कुठं गेला होता. एक आळं सोडून बाकी बेचाळीस आळ्यांत भामाबाईच्या उतारावरची पोरं वीतभर झाली होती, प्रत्येकाशेजारी एक काटेरी बोर.

आपापल्या रानातली पूजा उरकून फेरीची माणसं दुपारी आबांकडं जमली. ताकातल्या आंबिलाचा डेरा भरलेला, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. नेकनूरहून एक नवा माणूस आला होता. अभिमन्यू त्याचं नाव. तीन वर्षांपूर्वी त्यानं चंदनाचं मोठं रान लावलेलं. डोळ्याला काळा चष्मा, बोलणं ऐटीत. येळवस काय असते तेसुद्धा त्याला माहीत नव्हतं, पण बसल्या बसल्या त्यानं सांगून टाकलं, "आपल्याकडं एकदम ओके हाय. एक झाड मेलं न्हाई."

माणसं आंबील पिता पिता थांबली. सगळ्यांनी आबांकडं पाहिलं.

आबा उठले, धोतर झटकलं. "या पाव्हणं. आमच्यात आधी मेलेलं दाखवायची रीत हाय."

ते त्याला कडेच्या ओळीत घेऊन गेले. तिथं एका आळ्यात त्या दिवशीची एक फांदी अजून रोवलेली होती. पाच महिन्यांत ती पार वाळून करकरीत झाली होती. एकही पान नव्हतं. आजूबाजूचं सगळं गवत त्या आळ्यापुरतं आबांनी मुद्दाम काढून टाकलं होतं.

"उचला," आबा म्हणाले.

अभिमन्यूनं दोन बोटांनी उचलली. बुडखा तिरका, सफाईदार.

"ह्याला मूळ न्हाई," तो गोंधळून म्हणाला.

"न्हाईच. ह्ये म्या लावलंय." आणि आबांनी सगळी गोष्ट सांगितली. कोयता, फांद्या, शेळी, वाळवी. चांदीनं झाड तोंडात कसं धरलं होतं ते मान हिसडून करून दाखवलं. मागं उभी असलेली माणसं पुन्हा नव्यानं हसत होती, आणि सगळ्यात जास्त आबा हसत होते. "तिरेचाळीस मेली व्हती. आन् मी म्हणालो, एक बी न्हाई!"

"चव्वेचाळीस," मागून विमलबाई म्हणाल्या. त्यांच्या ओच्यात बोरं होती. "बोरीखालचं एक तुमी लई कापलं. ते बी गेलं."

"चव्वेचाळीस," आबांनी मान्य केलं.

अभिमन्यू ती काठी हातात घेऊन उभा होता. त्यानं काळा चष्मा काढला. एकदा तुरीकडं पाहिलं, एकदा बोरीकडं, एकदा भामाबाईकडं.

"माजे एकशे सतरा गेलेत, आबा," तो हळूच म्हणाला. "घरात बी सांगितलं न्हाई म्या."

आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. विमलबाईंनी पुढं होऊन ओच्यातली मूठभर बोरं त्या पाहुण्याच्या हातात घातली, आणि आबांनी ती काठी त्याच्याकडून घेऊन पुन्हा आळ्यात रोवली, माती पायानं नीट दाबली.

"फुडची आवस नेकनूरला," ते म्हणाले. "भामाबाई, चांदीला बी घे."